ऐकून लावलेला छडा

गुप्तहेरकथा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम काय येते? हातात भिंग घेऊन जमिनीवर वाकलेला एक माणूस. चिखलातील पावलांचे ठसे, सिगारची राख, बाहीवरचा डाग, टोपीच्या अस्तराला चिकटलेला केस ही त्याची सामग्री. मराठी वाचकाला भालबा केळकरांच्या अनुवादांमुळे परिचित झालेला शेरलॉक होम्स घ्या किंवा त्याच्यानंतरचे त्याचे असंख्य वंशज घ्या, सगळे पाहून शोध लावतात. आपला मित्र वॉटसन याला होम्स जे वारंवार बजावतो त्याचा मथितार्थ हाच, की सर्वांनाच दिसते, पण निरीक्षण फार थोडे करतात.

असे असताना ज्या माध्यमाला डोळेच नाहीत त्या रेडिओने गुप्तहेरकथेला आपलेसे करावे आणि श्रोत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती ऐकावी, हे थोडे नवलाचेच. हे कसे घडले, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण पुरावा म्हणजे काय, तो कोणी कोणापुढे कसा मांडायचा, हा विज्ञानशिक्षकाच्या रोजच्या कामातला प्रश्नही त्यात दडलेला आहे. म्हणून त्याच्याकडे जरा निवांतपणे पाहू या.

अंधारातली सुरुवात

ब्रिटनमध्ये बीबीसीचे नियमित प्रसारण नोव्हेंबर १९२२ मध्ये सुरू झाले. सुरुवातीला रंगभूमीवरची नाटके जशीच्या तशी मायक्रोफोनपुढे वाचली जात. पात्र कधी आले, कधी गेले, कोणी कोणाला पत्र दिले, हे श्रोत्याला कळत नसे. १५ जानेवारी १९२४ रोजी रिचर्ड ह्यूज या तरुण लेखकाची एक छोटी श्रुतिका प्रसारित झाली. खास रेडिओसाठी लिहिलेल्या नाटकांत तिला पहिलेपणाचा मान दिला जातो. ह्यूजने अडचणीलाच कथानक बनवले. कोळशाच्या खाणीत काही पाहुणे अडकतात, दिवे जातात आणि सगळे नाटक गडद अंधारात घडते. पात्रांनाही काही दिसत नाही आणि श्रोत्यांनाही. दोघांची अवस्था सारखी झाल्यावर ‘दिसत नाही’ ही तक्रारच उरली नाही!

श्रुतिकेचे पुढचे सारे शास्त्र या एका युक्तीत बीजरूपाने आहे. जे माध्यमाला जमत नाही ते ओढूनताणून करायचे नाही. जी गोष्ट मुळातच अंधारात घडते ती शोधायची. गुप्तहेरकथा हा तर अंधाराचाच व्यवहार. गुन्हा कोणीच पाहिलेला नसतो. त्या दृष्टीने श्रोता आणि गुप्तहेर एकाच पातळीवर असतात.

शीळ आणि लोखंडी खणखणाट

शेरलॉक होम्सचा जनक सर आर्थर कॉनन डॉयल ७ जुलै १९३० रोजी वारला. त्यानंतर सुमारे साडेतीन महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९३० रोजी, अमेरिकेत एनबीसीवर होम्सच्या कथांची श्रुतिकामालिका सुरू झाली. या मालिकेमागे एडिथ मायझर ही मूळची रंगभूमीवरची अभिनेत्री होती. होम्स रेडिओवर चालेल असा विश्वास तिला होता आणि श्रुतिकाही तिनेच लिहिल्या. खर्च उचलला एका कॉफी कंपनीने. त्यामुळे निवेदक वॉटसनच्या घरी जातो, कॉफीचा कप समोर येतो आणि शेकोटीजवळ बसून वॉटसन जुनी हकिकत सांगू लागतो, अशी रचना तिने केली. जाहिरातही साधली आणि कथेला निवेदकही मिळाला.

पहिल्या भागात होम्सची भूमिका विल्यम जिलेट याने केली. १८९९ पासून रंगभूमीवर होम्स साकारणारा हा नट तेव्हा सत्याहत्तर वर्षांचा होता. होम्सच्या तोंडातली वाकडी चिलीम लोकांच्या मनात रुजवली ती याच जिलेटने. रेडिओवर त्या चिलमीचा काडीचा उपयोग नव्हता. उरला होता फक्त आवाज. पुढे ती भूमिका रिचर्ड गॉर्डनकडे गेली.

या पहिल्या प्रयोगासाठी निवडलेली कथा पाहण्यासारखी आहे. ‘द स्पेकल्ड बँड’ ही कथा १८९२ मध्ये प्रथम छापली गेली. एवढी जुनी असल्याने तिचे रहस्य इथे उघड केले तर वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे. कलकत्त्यात वैद्यकी करून परतलेला एक क्रूर डॉक्टर, त्याच्या दोन सावत्र मुली आणि जुना वाडा. त्यातली एक मुलगी बंद खोलीत मरण पावते. मरण्यापूर्वी काही रात्री तिला हलकी शीळ ऐकू येत असते. शेवटच्या रात्री बहिणीलाही शीळ आणि पाठोपाठ लोखंड आपटल्यासारखा आवाज ऐकू येतो. अखेरीस होम्स आणि वॉटसन त्याच खोलीत अंधारात, दिवा न लावता, श्वास रोखून बसतात. म्हणजे या कथेतले महत्त्वाचे धागेदोरे मुळातच कानांसाठी आहेत. ही निवड करणाऱ्याने माध्यम नेमके ओळखले होते.

आता विज्ञानाच्या अंगाने थोडे विषयांतर. कथेतला मारेकरी म्हणजे भारतातून आणलेला एक विषारी साप. डॉक्टर त्याला झरोक्यातून सोडतो, तो घंटेच्या दोरावरून खाली उतरतो आणि शीळ ऐकली की बशीतल्या दुधासाठी परत वर येतो. कथेत सापाचे जे नाव येते त्या नावाचा साप प्राणिशास्त्राला माहीत नाही. दूध हे सापाचे अन्न नव्हे, हे नागपंचमीच्या निमित्ताने आपले सर्पमित्र दरवर्षी सांगतातच. शिळेचे काय? सापाला बाह्यकर्ण आणि कानाचा पडदा नसतो. जमिनीची कंपने तो जबड्याच्या हाडांतून आंतरकर्णापर्यंत पोहोचवतो. साप ठार बहिरा असतो असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. अलीकडच्या प्रयोगांत मात्र काही शे हर्ट्झपर्यंतचे खोल स्वर हवेतून आले तरी सापांना जाणवतात, असे दिसले आहे. माणसाची शीळ साधारणपणे हजार हर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून वरची. तेव्हा शिळेला ओ देणारा साप ही डॉयलची कल्पनाच. आणि तरीही शास्त्रीयदृष्ट्या लंगडी असलेली ही कथा श्रुतिका म्हणून उत्तम चालली! श्रोत्याच्या मनाला पटणे आणि निसर्गात तसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक आपल्याला पुढे पुन्हा भेटेल.

एका कानाचे जग

श्रुतिका लिहिणाऱ्यांना कोणत्या अडचणी आल्या हे समजायचे तर ऐकण्याची थोडी यंत्रणा पाहायला हवी. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे पंधराशेव्या भागाइतका. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. त्या काळच्या रेडिओत मात्र सगळे आवाज एकाच ध्वनिक्षेपकातून, एकाच बिंदूतून येत. खून झालेल्या दिवाणखान्यात आठ माणसे असली तरी श्रोत्याच्या लेखी ती सगळी एकाच जागी उभी! शिवाय बहुतेक संचांतून ५,००० हर्ट्झच्या वरचे स्वर नीट येत नसत. त्यामुळे ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने बोथट होत आणि कापडाची सळसळ तर जवळजवळ नाहीशीच होई.

याचे परिणाम थेट कथेवर झाले. दोन पुरुषांचे आवाज मिळतेजुळते असले की श्रोता गोंधळतो; म्हणून संशयितांची संख्या कमी करावी लागे आणि प्रत्येकाला वेगळ्या जातीचा आवाज द्यावा लागे. होम्सकथांना इथे जन्मजात फायदा होता. एक धारदार, झपाट्याने बोलणारा आवाज आणि दुसरा संथ, भारदस्त, प्रश्न विचारणारा. वॉटसन नसता तर होम्सला आपले निरीक्षण मोठ्याने सांगण्याचे कारणच उरले नसते. छापील कथेत वॉटसन वाचकाचा प्रतिनिधी असतो; रेडिओवर तो श्रोत्याचे डोळे होतो.

दिशा नसली तरी अंतर मात्र दाखवता येई. माणूस मायक्रोफोनपासून दूर गेला की त्याचा थेट आवाज क्षीण होतो, पण भिंतींवरून परावर्तित होऊन येणारा आवाज तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. या दोहोंच्या प्रमाणावरून कान अंतराचा अंदाज बांधतो. म्हणून काही स्टुडिओ जाड पडदे लावून ‘मुके’ केलेले असत, तर काही मुद्दाम घुमणारे ठेवलेले असत. मुक्या खोलीतला संवाद ऐकताना छोटा अभ्यास डोळ्यांपुढे येई, घुमणाऱ्या खोलीतला ऐकताना तळघर.

ध्वनिपरिणामांची तऱ्हा तर आणखी मजेची. शेकोटीच्या आवाजासाठी सेलोफेनचा कागद चुरगळत. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या वापरत. बर्फात रुतणाऱ्या पावलांसाठी मक्याच्या पिठाची पुडी दाबत. खऱ्या वस्तूचा खरा आवाज त्या काळच्या मायक्रोफोनमधून पुष्कळदा खोटा वाटे, आणि खोटा आवाज खरा. ‘बाहेर पाऊस पडतोय वाटतं’ असे कोणी म्हटले की कढईत तळण सोडल्याचा आवाजही पाऊसच वाटतो. कान पुरावा गोळा करतात, पण त्याला नाव संदर्भ देतो.

नेमक्या याच गोष्टीवर १९३४ मध्ये एक रहस्यकादंबरी आली. तिचे नाव ‘डेथ ॲट ब्रॉडकास्टिंग हाउस’. लेखकद्वयापैकी व्हॅल गिलगुड हा खुद्द बीबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख होता. त्या काळी एकाच श्रुतिकेतली पात्रे वेगवेगळ्या स्टुडिओंत बसत आणि निर्माता एका नियंत्रणफलकावरून त्यांचे आवाज एकत्र करी. कादंबरीत एक नट असाच एका स्टुडिओत एकटा असतो. गळा आवळला जात असल्याचा प्रसंग त्याने वठवायचा असतो, आणि प्रसारण चालू असतानाच त्याचा खरोखर गळा आवळला जातो. देशभरातले श्रोते खून ऐकतात आणि कोणालाच कळत नाही. ऐकणाऱ्यांना तो अभिनयच वाटतो. सर्वांनी ऐकले, पण साक्षीदार एकही नाही, ही कल्पना रेडिओच्या माणसालाच सुचावी अशी आहे.

खेळ सचोटीचा हवा

१९२० ते १९४० हा इंग्रजी गुप्तहेरकथेचा सुवर्णकाळ मानला जातो. या काळातल्या लेखकांनी एक करार पाळायचे ठरवले होते : गुप्तहेराला जेवढे धागेदोरे मिळतील तेवढे सगळे वाचकालाही मिळाले पाहिजेत. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये असे दहा नियमच लिहून काढले. योगायोगाची गोष्ट अशी की याच नॉक्सने १६ जानेवारी १९२६ रोजी बीबीसीवरून एक विनोदी बातमीपत्र सादर केले होते. लंडनमध्ये दंगल उसळली आहे, बिग बेनचा मनोरा तोफांनी पाडला आहे, अशा ‘बातम्या’ त्यात होत्या. हा विनोद आहे असे आधी सांगितले होते. पण मध्येच रेडिओ लावणाऱ्यांनी ते ऐकले नव्हते. त्यात बर्फवृष्टीमुळे कित्येक गावांत वर्तमानपत्रे वेळेवर पोहोचली नाहीत. पडताळून पाहण्याचे साधनच हाती नसल्याने अनेकजण घाबरून गेले. सचोटीचे नियम लिहिणाऱ्या माणसाला आवाजावर लोक किती सहज विश्वास ठेवतात याचा असा अनुभव आधीच आलेला होता.

१९३० मध्ये बीबीसीने सहा लेखकांकडून एक रहस्यमालिका लिहून घेतली. प्रत्येकाने एक भाग लिहायचा आणि स्वतःच वाचायचा. त्यांत ॲगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स आणि नॉक्सही होते. मालिकेचे भाग बीबीसीच्या ‘द लिसनर’ या साप्ताहिकात छापूनही येत. ही सोय लहानशी वाटली तरी महत्त्वाची आहे. वाचकाला शंका आली तर तो दहा पाने मागे जाऊ शकतो. श्रोत्याच्या कानांवरून वाक्य गेले की गेले. ज्याला पुरावा पुन्हा तपासता येत नाही त्याच्याशी खेळ सचोटीने कसा खेळायचा?

याचे सर्वांत विचारी उत्तर अमेरिकेत मिळाले. फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली हे दोन मावसभाऊ ‘एलरी क्वीन’ या एकाच नावाने लिहीत. त्यांच्या गुप्तहेराची मालिका १८ जून १९३९ पासून सीबीएसवर सुरू झाली. तिच्यात गुप्तहेराला उत्तर सापडले की नाटक तिथेच थांबे. स्टुडिओत बोलावलेल्या पाहुण्यांना विचारले जाई : गुन्हेगार कोण, आणि कशावरून? पाहुणे आपापले तर्क मांडत, अनेकदा चुकतही. मगच नाटक पुढे सरके आणि उकल सांगितली जाई.

या थांबण्याने काय साधले? एक तर घरी बसलेल्या श्रोत्याला विचार करायला अवधी मिळाला. दुसरे म्हणजे, चुकीच्या उत्तरांनाही व्यासपीठ मिळाले. पाहुण्याचा तर्क ऐकताना श्रोता मनात म्हणे, ‘पण मग त्या घड्याळाचे काय?’ म्हणजे एका गृहीतकाची सर्व पुराव्यांशी पडताळणी तो नकळत करू लागे. तिसरे म्हणजे, लेखकावर बंधन आले. उत्तरापूर्वी थांबायचे म्हणजे तोवर सगळे पत्ते टेबलावर मांडलेले हवेत. मागाहून खिशातून नवा पुरावा काढता येत नाही.

आवाजावरच्या विश्वासाचा दुसरा पैलू त्याच वर्षी दिसला. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ऑर्सन वेल्सने ख्रिस्तीच्या १९२६ मधील ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ची श्रुतिका सादर केली. कथा सांगणारा गावचा डॉक्टर आणि शोध लावणारा हर्क्यूल प्वारो या दोन्ही भूमिका वेल्सने एकट्याने केल्या. ज्यांनी ही कादंबरी वाचली आहे त्यांना या निवडीतली गंमत लगेच कळेल. ज्यांनी वाचलेली नाही त्यांचा रसभंग आम्ही करणार नाही. एवढेच सांगतो, की निवेदकाच्या आवाजावर आपण किती आणि का विश्वास ठेवतो हा तिथे कळीचा प्रश्न आहे.

अर्ध्या तासाची श्रुतिका

मे १९४७ मध्ये ब्रिटनच्या राजमाता मेरी यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त बीबीसीने त्यांना काय ऐकायला आवडेल असे विचारले, तेव्हा त्यांनी ॲगाथा ख्रिस्तीचे नाव घेतले. ३० मे १९४७ रोजी ‘थ्री ब्लाइंड माइस’ ही अर्ध्या तासाची श्रुतिका प्रसारित झाली. ख्रिस्तीने आपले मानधन एका रुग्णालयातील मुलांच्या खेळण्यांच्या निधीला दिले. हे औचित्य कशात होते हे पाहण्यासारखे आहे. १९४५ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या एका शेतावर, सरकारी यंत्रणेने सांभाळायला दिलेला एक लहान मुलगा छळामुळे मरण पावला होता. त्या प्रकरणाने देश हादरला, सरकारी चौकशी झाली आणि बालकांच्या देखभालीविषयीचा १९४८ चा कायदा होण्यामागेही त्याचा वाटा होता. ख्रिस्तीच्या श्रुतिकेचे बीज त्या घटनेत आहे.

याच अर्ध्या तासाचा विस्तार करून तिने ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लिहिले. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी ते लंडनमध्ये सुरू झाले आणि मार्च २०२० मध्ये महासाथीने थिएटरे बंद पाडेपर्यंत चालू राहिले. मे २०२१ मध्ये त्याचे प्रयोग पुन्हा सुरू झाले. मूळ प्रसारणाचे मुद्रण मात्र आज उपलब्ध नाही.

हरवलेला पुरावा

ही एकट्या त्या श्रुतिकेची कथा नाही. सुरुवातीच्या काळात श्रुतिका थेट प्रसारित होत. बीबीसीने १९३० च्या सुमारास स्टीलच्या पट्टीवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आणले खरे, पण ते अवजड आणि खर्चिक होते. जे टिकले ते बरेचसे इतर कारणांनी. उदाहरणार्थ, बेसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांनी १९३९ ते १९४६ या काळात अमेरिकन रेडिओवर होम्स आणि वॉटसन साकारले. त्यांतले शेवटच्या दिवसांतले बरेच भाग तबकड्यांवर उतरवलेले असल्यामुळे आज ऐकता येतात. बाकीच्यांसाठी संहिता, कार्यक्रमपत्रिका, पत्रव्यवहार आणि वर्तमानपत्रांतील परीक्षणे एवढाच आधार. श्रुतिकांचा इतिहास लिहिणाऱ्यालाही अशा रीतीने राखेवरून सिगार ओळखण्याचे काम करावे लागते.

पुढे परिस्थिती पालटली. बीबीसीवर १९५२ ते १९६९ या काळात कार्लटन हॉब्ज होम्सच्या भूमिकेत होता. त्यानंतर १९८९ ते १९९८ या काळात क्लाइव्ह मेरिसन आणि मायकेल विल्यम्स या जोडीने चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा, अशा साठच्या साठ होम्सकथा श्रुतिकारूपात पूर्ण केल्या. बर्ट कूल्स हा त्या मालिकेचा प्रमुख लेखक. स्टिरिओ ध्वनिमुद्रणामुळे एव्हाना दिवाणखान्यातली माणसे आपापल्या जागी उभी राहू लागली होती. आपल्याकडे कलकत्त्यात २००९ पासून ‘संडे सस्पेन्स’ या बंगाली रेडिओमालिकेने फेलूदा, ब्योमकेश आणि होम्सही ऐकवला आणि दूरचित्रवाणीवर वाढलेल्या पिढीला तो आवडला. डोळ्यांसाठी इतके काही उपलब्ध असताना तरुणांनी कानांनी रहस्य सोडवायला बसावे, याचा अर्थ या माध्यमाची ताकद केवळ गरजेतून आलेली नव्हती.

वर्गात काय करता येईल?

दोन सोपे प्रयोग सुचवतो. मुलांना डोळे मिटायला सांगून सेलोफेन चुरगळा, वाळूवर पाय घासा, तांदूळ ताटात ओता. प्रत्येकाने काय ऐकू आले ते लिहायचे, पण दोन रकान्यांत : एकात ‘ऐकलेले’, दुसऱ्यात ‘वाटलेले’. ‘कडकड असा तुटक आवाज’ हे पहिल्या रकान्यात, ‘शेकोटी’ हे दुसऱ्यात. मग तेच आवाज आधी एक वाक्य सांगून पुन्हा ऐकवा आणि दुसरा रकाना किती बदलला ते पाहा. निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक पाठ करून घेण्यापेक्षा असा चांगला समजतो.

दुसरा प्रयोग एलरी क्वीनकडून उसना घ्यायचा. एखादी छोटी रहस्यकथा मोठ्याने वाचा आणि उकलीच्या आधी थांबा. कोण, हे विचारण्यापेक्षा कशावरून, हे विचारा. एखादे उत्तर चुकीचे असले तरी लगेच खोडू नका. कोणता पुरावा त्याच्याशी जुळत नाही हे इतर मुलांनाच शोधू द्या.

आपला तासही एका अर्थी श्रुतिकाच असतो. शिक्षकाचा आवाज एकदा येतो आणि जातो. मुलांना तो मागे फिरवता येत नाही, आणि आवाज शिक्षकाचा असल्यामुळे ती त्यावर सहज विश्वास ठेवतात. सिद्धान्त सांगण्यापूर्वी सगळा पुरावा त्यांच्यासमोर मांडला होता का, आणि विचार करायला दोन मिनिटे दिली होती का, हे आपण स्वतःलाच विचारायचे. १९३९ च्या त्या मालिकेत पाहुण्यांचे उत्तर ऐकेपर्यंत एलरी क्वीनलाही थांबावे लागे.